मालिना, फ्रँक जोसेफ
(२ ऑक्टोबर १९१२–९ नोव्हेंबर १९८१). अमेरिकन अवकाश-अभियंता व गतिमान प्रकाशचित्रांचा एक आद्य निर्माता. टेक्सस राज्यातील ब्रेनम येथे, मूळच्या मोरेव्हियातील कुटुंबात त्याचा जन्म झाला. कॅलिफोर्निया तंत्रविद्या संस्थेत थीओडोर फोन कार्मान याच्या मार्गदर्शनाखाली त्याने १९३६ पासून रॉकेटविषयक संशोधन केले. जेट प्रपल्शन लॅबोरेटरीचा तो एक संस्थापक होय. त्याच्या देखरेखीखाली तयार झालेले ‘वॅक कॉर्पोरल’ रॉकेट १९४५ मध्ये सु. ७० किमी. उंचीवर पोहोचले. तथापि रॉकेटांचा अस्त्रे म्हणून होणारा उपयोग त्यास रुचला नाही. १९४७ मध्ये तो पॅरिस येथे युनेस्कोत दाखल झाला आणि १९५३ मध्ये तीही नोकरी सोडून त्याने चित्रकलेस वाहून घेतले.

विज्ञानाने दृश्य विश्व एवढे विस्तारले असता चित्रकारांनी जुन्याच विषयांत रमावे, हे त्यास पटत नव्हते. प्रारंभी त्याने ताणलेल्या दोऱ्या व तारांच्या जाळ्या एकावर एक बसवून रचना केल्या. त्यांतील आकृती प्रेक्षक जागचा हलला तरच बदलत. पुढे १९५५ च्या सुमारास त्याने चित्रामागे विजेचे दिवे योजले आणि १९५६ मध्ये ‘ल्यूमिडाइन’ ही पद्धती सिद्ध केली. आता चालण्याचे काम प्रकाशाकडे आले व प्रेक्षक स्थिर झाला.

या पद्धतीत एका उथळ पेटीत चार घटक असतात : मागे दिवे, त्यांपुढे लहान विद्युत् चलित्राने संथपणे फिरणाऱ्या रंगविलेल्या पारदर्शक चकत्या, त्यांपुढे रंगविलेली स्थिर पारदर्शक पाटी व सर्वांत पुढे प्रकाश पसरविणारा अर्धपारदर्शक पडदा. पाटी व पडदा यांतील अंतर वाढविले, की आकारांच्या कडा मृदू होतात. चकत्यांचे वेग भिन्न ठेवल्यास तेच दृश्य पुन्हा येण्यास पुष्कळ वेळ लागतो, उदा., एक चकती ६० व दुसरी ५० सेकंदांत फिरत असेल, तर मूळ मांडणी ३०० सेकंदांनी परतते. म्हणून अशा चित्रापुढे प्रेक्षकास थांबावेच लागते. ओझरत्या दृष्टिक्षेपात त्याचा एखादा क्षणच हाती लागतो.

टॉमस विल्फ्रेड याने १९२२ मध्येच ‘क्लॅव्हिलक्स’ या यंत्राद्वारे प्रकाशरचनांचे जाहीर प्रयोग केले होते. परंतु त्यास प्रकाश ही स्वतंत्र कला वाटे. मालिनाने मात्र कुंचला सोडला नाही. चकती व पाटी तो हातानेच रंगवी. यंत्राच्या नवलाईपेक्षा रंगसंगतीकडे लक्ष वेधणे, हे त्याच्या उत्तम कृतींचे वैशिष्ट्य आहे. या प्रकारातील पुष्कळ अनुकरणांत ते आढळत नाही. ऑक्सफर्ड येथील पर्गमॉन प्रेससाठी केलेली कॉसमॉस (१९६५) ही भव्य रचना त्याची प्रमुख कृती होय.

कलावंतांनी आपल्या तंत्राची माहिती शास्त्रज्ञांप्रमाणे खुलेपणाने प्रसिद्ध करावी, या हेतूने त्याने १९६८ मध्ये लिओनार्दो हे नियतकालिक सुरू केले व स्वतःच्या पेट्यांची रचनाही लेखांतून उघड केली. अशा कृतींच्या जतनास या माहितीचा मोठाच उपयोग होतो. कारण दिवा बदलला, की प्रकाशाची छटा व पर्यायाने चित्राचे रंगही बदलतात. पॅरिसजवळील बूलोन्य-बीयांकूर येथे त्याचे निधन झाले.