गाडीची टिकटिक आणि तापणारे लोखंड

मध्य प्रदेशातील जबलपूर जिल्ह्यात मझौली हे तहसिलीचे गाव आहे. विष्णुवराहाच्या प्राचीन मंदिरामुळे इतिहासाच्या अभ्यासकांना ते परिचित आहे. परंतु हिवाळ्यात या भागातील रस्त्यांवर वर्दळ असते ती हिरव्या वाटाण्याची. शेंगांची पोती घेऊन पिकअप गाड्या पहाटेच बाजाराकडे निघतात. अशाच एखाद्या थंड पहाटे चालक गाडी सुरू करतो, आणि इंजिनाच्या घरघरीतून एक बारीक, नियमित आवाज उमटू लागतो : टिक, टिक, टिक. गाडी काही अंतर गेली, की तो मंदावतो, कधी थांबतोही. चालक निर्धास्त होतो. येथेच त्याची चूक होते. आवाज गेला, तरी दोष गेलेला नसतो.

मोटारीचे तंत्र या जिल्ह्याला नवीन नाही. जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीत १९५९ साली ‘शक्तिमान’ ट्रकांचे उत्पादन सुरू झाले आणि १९६९ साली तेथे स्वतंत्र व्हेइकल फॅक्टरी उभी राहिली. ‘जोंगा’ या सैनिकी गाडीच्या नावातील ‘ज’ हा जबलपूरचाच. गाडी सैनिकाची असो वा शेतकऱ्याची, तिच्या इंजिनाला उष्णतेचे नियम सारखेच लागू असतात.

इंजिनाच्या सिलिंडरमध्ये इंधन जळते, त्या दाबाने दट्ट्या खाली ढकलला जातो, आणि मग झडप उघडून जळके वायू बाहेर पडतात. प्रत्येक सिलिंडरमधून येणारे हे वायू एकत्र करून धुराड्याकडे नेणारी, बहुधा बिडाची, जी शाखायुक्त नळी असते, तिला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड म्हणतात. ती सिलिंडरच्या हेडला स्टड व नट यांनी जखडलेली असते. दोहोंच्या मध्ये गॅस्केट असते.

गाडी भार ओढू लागली, की ही नळी अतिशय तापते. अर्धा मीटर लांबीची बिडाची नळी ४०० अंश सेल्सिअसने तापली, तर तिची लांबी दोन मिलिमीटरहून थोडी अधिक वाढते. हेडमधून मात्र थंड करणारे पाणी खेळत असते. ते सत्तर-ऐंशी अंशांनीच तापते व मिलिमीटरभरही वाढत नाही. एक वाढू पाहते, दुसरे तिला धरून ठेवते. ही ओढाताण दररोज होत राहते. तिचा सर्वाधिक ताण टोकांच्या स्टडांवर पडतो. कालांतराने एखादा स्टड तुटतो, गॅस्केट जळते, किंवा नळीलाच चीर जाते.

मग झडप उघडताच दाबाखालील वायू त्या फटीतून झटक्याने निसटतो. चार फेरी इंजिनात दर दोन फेऱ्यांस प्रत्येक सिलिंडरमधून एकदाच वायू बाहेर पडतो. इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल, तर एका सिलिंडरच्या फटीतून मिनिटाला ४०० टिचक्या ऐकू येतील. नळी तापून फुगली, की फट मिटते आणि आवाज दबतो.

झडपांच्या टॅपेटचा आवाजही याच लयीत येतो. म्हणून केवळ कानावर विसंबू नये. भार पडताच आवाज वाढणे, इंजिन तापल्यावर तो कमी होणे आणि जोडाजवळ काजळीचे काळे डाग दिसणे, या खुणा एकत्र आढळल्या, तर संशय मॅनिफोल्डवर घ्यावा.

हा दोष केवळ आवाजापुरता नसतो. निसटलेला तप्त वायू जवळच्या तारा व रबरी नळ्या जाळू शकतो. टर्बो असलेल्या इंजिनाची शक्ती घटते. शिवाय त्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. आणि रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट जोडला जातो. थंडीमुळे काचा बंद करून बसलेल्या चालकाच्या श्वासात हा वायू शिरला, तर डोके दुखणे, गुंगी येणे आणि पुढे प्राणावर बेतणे संभवते. यासाठी बंद जागेत इंजिन चालू ठेवून तपासणी कधीही करू नये.

दुरुस्ती कठीण नसली, तरी घाईची नाही. इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच नट सैल करावेत. तुटलेला स्टड काढावा, नळीचा पृष्ठभाग सरळ पट्टीने तपासावा, वाकला असल्यास तो यंत्रावर सपाट करून घ्यावा. मग नवे गॅस्केट बसवून नट मध्यापासून टोकांकडे, टप्प्याटप्प्याने आवळावेत.

बैलगाडीच्या चाकावर धाव चढविताना लोहार ती आधी लाल होईपर्यंत तापवितो. तापलेले लोखंड वाढते व निवताना आवळते, हे त्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. त्याच नियमाने चाक पक्के होते आणि त्याच नियमाने मोटारीचा स्टड तुटतो. पहाटेची टिकटिक ही त्या नियमाने दिलेली सूचना होय. ती वेळीच ऐकणारा चालक आपला मालही राखतो आणि आपला श्वासही.