एकच फेरी, दोन हिशेब

बसवनगुडीच्या ब्यूगल रॉक उद्यानात पतिपत्नी बरोबरीने फेरी मारतात, तरी उष्मांक बहुधा पतीचेच अधिक खर्च होतात. पत्नीचे श्रम कमी पडतात असे मुळीच नाही. फरक मुख्यतः वजनाचा आहे. झपझप चालताना दर किलो वजनामागे ताशी सुमारे ४ किलोकॅलरी लागतात. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये भारतीय पुरुषाचे संदर्भ वजन ६५ व स्त्रीचे ५५ किलो धरले; म्हणजे अर्ध्या तासात १३० आणि ११०. पुरुषाच्या देहात स्नायू अधिक, म्हणून त्याचा विश्रांतीतील खर्चही जास्त. तेव्हा फेरीनंतर गांधी बाजारात दोघांनी सारखेच डोसे मागवणे (मोह मोठाच!) पत्नीला महागात पडते. ट्रेडमिलवरही स्वतःचे वजन अवश्य नोंदवावे. अन्यथा यंत्र स्वतःच गृहीत धरलेल्या वजनावर हिशेब मांडते.