प्लॅस्टिक कागदाचा सांधा आणि प्लाझ्मा संस्कार

शेततळ्यात अंथरलेल्या प्लॅस्टिक कागदाचा सांधा उकलला, तर उन्हाळ्यासाठी राखून ठेवलेले पाणी पाहता पाहता जमिनीत मुरून जाते. वरच्या तोंडाशी ३० मीटर लांब व ३० मीटर रुंद, ३ मीटर खोल आणि १:१ उताराच्या काठांचे शेततळे पूर्ण भरले असता त्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते. एवढ्या पाण्याची राखण एका सांध्यावर अवलंबून असते. असे असूनही फाटलेला कागद सायकलच्या ट्यूबला लावावयाच्या सोल्यूशनने किंवा बाजारातील साध्या डिंकाने चिकटविण्याचा प्रयत्न अनेक ठिकाणी केला जातो. दोन दिवसांत ठिगळ सुटते आणि दोष डिंकाच्या माथी मारला जातो. वास्तविक दोष डिंकाचा नसून पॉलिथीनच्या पृष्ठभागाच्या स्वभावाचा आहे. हा स्वभाव पालटण्याची जी रीत कारखान्यांतून वापरली जाते, तिला प्लाझ्मा संस्कार असे म्हणतात. या संस्काराचे सामर्थ्य कोठवर आहे आणि तो कोठे अपुरा पडतो, याची माहिती कागद विकत घेणाऱ्या शेतकऱ्यास असणे अगत्याचे आहे.

गिरणगावातील जुना धडा

मुंबईतील करी रोड स्थानकाच्या दोन्ही अंगांस एकेकाळी कापडगिरण्यांची धुराडी उभी होती. खानदेश व वऱ्हाडातील कापूस ज्या गिरण्यांत कातला व विणला जाई, त्यांपैकी पुष्कळ गिरण्या याच लालबाग, परळ व करी रोडच्या पट्ट्यात होत्या. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर त्यांपैकी बहुतेक बंद पडल्या व त्यांच्या जागी आता उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. तथापि तेथील कामाची एक रीत प्रस्तुत विषय समजण्यास फार उपयोगी आहे.

मागावरून उतरलेले कोरे कापड तसेच रंगविता येत नसे. कापसाच्या तंतूवर निसर्गतः मेणाचा अतिशय पातळ लेप असतो. वजनाने तो शेकडा १ हूनही कमी भरतो. परंतु तेवढ्यानेही तंतू पाणी झिडकारतो आणि रंग आत शिरत नाही. यास्तव कोरे कापड आधी कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात उकळून काढीत व मगच ते रंगखात्याकडे जाई. याची प्रचीती घरीही घेता येते. शेतातील सरकी काढलेला कापूस पाण्यावर तरंगत राहतो, तर दवाखान्यातील धुतलेला कापूस तत्काळ भिजून बुडतो. दोन्हींचा तंतू एकच. भेद केवळ पृष्ठभागाचा.

पॉलिथीनला डिंक का धरत नाही

पॉलिथीन हा पदार्थ १९३३ साली इंग्लंडमधील एका रासायनिक कारखान्याच्या प्रयोगशाळेत अकस्मात हाती लागला. कार्बन व हायड्रोजन यांच्या लांबच लांब साखळ्यांनी तो बनलेला असतो. रचनेच्या दृष्टीने तो मेणाचा सख्खा भाऊ होय. कापसावर मेणाचा नुसता लेप असतो. पॉलिथीन मात्र आतबाहेर मेणासारखेच असते. त्यामुळे सोडा लावून धुण्याचा उपाय येथे चालत नाही.

डिंक, रंग अथवा शाई चिकटावयाची असेल, तर तिने प्रथम पृष्ठभागावर पसरले पाहिजे. द्रव पसरू देण्याची पृष्ठभागाची ही ताकद डाइन या मापाने मोजतात. पाण्याचा पृष्ठताण सुमारे ७२ डाइन असतो, तर पॉलिथीनच्या पृष्ठभागाची ताकद सुमारे ३१ डाइनच भरते. म्हणून त्यावर पाणी अळवाच्या पानावरील थेंबासारखे गोळा होते. छपाईची शाई नीट धरण्यासाठी ही ताकद निदान ३८ डाइनपर्यंत वाढवावी लागते.

प्लाझ्मा म्हणजे काय

घन, द्रव व वायू या पदार्थाच्या तीन अवस्था सर्वपरिचित आहेत. वायूला पुरेशी विद्युतशक्ती दिली असता त्यातील काही अणूंपासून इलेक्ट्रॉन अलग होतात आणि वायू विद्युतवाहक बनतो. या चौथ्या अवस्थेस १९२८ साली अमेरिकन शास्त्रज्ञ अर्व्हिंग लँगम्यूर यांनी प्लाझ्मा हे नाव दिले. आकाशातील वीज हा अत्यंत तप्त प्लाझ्मा होय. ट्यूबलाइटच्या नळीतही प्लाझ्माच असतो. परंतु तेथे इलेक्ट्रॉन तेवढे वेगवान असतात आणि वायू थंड राहतो. प्लॅस्टिकसाठी हाच थंड प्लाझ्मा उपयोगी पडतो, कारण त्याने कागद वितळत नाही.

कारखान्यात कागद रुळावरून वेगाने पुढे सरकत असतो. त्याच्या वर एक ते दोन मिलिमीटर अंतरावर उच्च दाबाच्या विजेची पट्टी बसविलेली असते. मधल्या हवेत जांभळट प्रकाश दिसतो व ओझोन वायूचा उग्र वास येतो. या साध्या प्रकारास कोरोना संस्कार म्हणतात. तो १९५१ पासून, डेन्मार्कमधील व्हर्नर आइस्बी यांच्या यंत्रानंतर, प्रचारात आला. निर्वात पेटीत ऑक्सिजन, नायट्रोजन अथवा आर्गॉन सोडून केलेला प्लाझ्मा संस्कार यापेक्षा अधिक सारखा बसतो. मात्र त्यास खर्च अधिक येतो.

दोन्ही प्रकारांत घडते ते एकच. वेगवान कण पृष्ठभागावरील साखळ्या तोडतात आणि मोकळ्या झालेल्या टोकांना ऑक्सिजनयुक्त गट जोडले जातात. हे गट डिंकाला व शाईला धरून ठेवतात. हा सर्व पालट मिलिमीटरच्या लाखाव्या भागाइतक्या थरात होतो. त्याखालील कागद पूर्वीसारखाच राहतो व डोळ्यांना कसलाही फरक दिसत नाही.

हे तंत्र प्लॅस्टिकपुरतेच मर्यादित नाही. मुंबईच्या वस्त्रोद्योगासाठी १९५४ साली स्थापन झालेल्या घाटकोपर येथील संशोधन संस्थेत वस्त्रांवरील प्लाझ्मा संस्काराचा अभ्यास झाला आहे. गांधीनगर येथील प्लाझ्मा अनुसंधान संस्थेने अंगोरा सशाच्या निसरड्या लोकरीवर हा संस्कार करून ती सुताईस अधिक योग्य बनविली आहे.

बियाण्याचे पाकीट

या संस्काराचा लाभ शेतकऱ्याच्या हाती नित्य येतो, तो बियाण्याच्या व औषधांच्या पाकिटांच्या रूपाने. असे पाकीट बहुधा दोन-तीन पापुद्रे एकमेकांस चिकटवून बनविलेले असते. बाहेरचा पॉलिएस्टरचा पापुद्रा छपाई व बळकटी देतो. आतील पॉलिथीन ओलावा अडविते व उष्णतेने तोंड बंद होऊ देते. पॉलिथीनच्या एकाच बाजूवर संस्कार करून ती बाजू डिंकाकडे ठेवतात. दुसरी बाजू संस्काराविना आत ठेवतात, कारण पाकिटाचे तोंड बंद होण्यास मूळचे पॉलिथीनच उत्तम. संस्कार प्रमाणाबाहेर झाला, तर पृष्ठभागावर तुटलेल्या तुकड्यांचा दुबळा थर साचतो आणि सांधा उलट कच्चा होतो.

संस्कार कायमचाही नसतो. कागद साठवणीत पडून राहिला म्हणजे साखळ्या वळून ऑक्सिजनयुक्त गट आत दडतात व कागदात मिसळलेले मेणकट पदार्थ वर येतात. म्हणून चिकटविण्याच्या यंत्रावर कागद चढविताना पुष्कळदा पुन्हा संस्कार देतात. ज्या पाकिटाचे पापुद्रे सुटून पोपडे आलेले दिसतात, त्याच्या आतील बियाण्यास ओलावा लागण्याचा संभव असतो.

शेततळ्याचा सांधा

दोन पॉलिथीन कागदांवर संस्कार करून ते किंचित गरम स्थितीत दाबले, तर वितळण्याच्या तापमानाखालीही, डिंकाशिवाय ते एकमेकांस चिकटतात. परंतु १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे आढळून आले की, ही पकड हायड्रोजन बंधांची असल्याने पाण्यासारख्या द्रवाने ती सैल होते. जो सांधा पाण्याने सुटतो, तो तळ्याच्या कामाचा नाही, हे उघड आहे.

शेततळ्याचा सांधा उष्णतेनेच जोडावयाचा असतो. हलक्या घनतेचे पॉलिथीन सुमारे ११० अंश सेल्सिअसला व अधिक घनतेचे सुमारे १३० अंशांना वितळते. वितळलेल्या दोन्ही कडा दाबाखाली एकजीव होतात. तेथे पृष्ठभाग असा उरतच नाही. म्हणून पाण्याने सुटण्याचा प्रश्नही उद्भवत नाही.

ध्यानात ठेवावयाच्या गोष्टी

१. शेततळ्यासाठी विणलेला, थर चढविलेला कागद घेताना भारतीय मानक १५३५१ ची खूण पाहावी. तळ्याच्या मापाचा कागद कारखान्यातच जोडून घ्यावा, म्हणजे जागेवर सांधे कमी पडतात.

२. सांध्याचा नमुना मागून तो हाताने सोलून पाहावा. चांगल्या सांध्यात कागद फाटतो, सांधा उकलत नाही.

३. ठिगळ त्याच जातीच्या कागदाचे असावे. पॉलिथीनवर पीव्हीसीचे ठिगळ जुळत नाही. ठिगळ छिद्राच्या चहूबाजूंनी १० ते १५ सेंटिमीटर पुढे यावे व त्याचे कोपरे गोल कापावेत.

४. जोडापूर्वी कागद धुऊन, पुसून पूर्ण कोरडा करावा. दव पडले असता अथवा धुळीचा वारा असता काम करू नये.

५. जोड गरम हवेच्या यंत्राने, रूळ दाबून, जाणत्या कारागिराकडून करून घ्यावा. दिवटी अथवा स्टोव्हच्या ज्योतीने प्रयत्न केल्यास कागदास नवी छिद्रे पडतात.

६. पॉलिथीनवर छपाई अथवा डिंकाचे काम करवून घ्यावयाचे असल्यास संस्कारित बाजू कोणती, हे विचारून घ्यावे. दोन्ही बाजूंवर पाण्याचा एकेक थेंब ठेवावा. जेथे थेंब अधिक पसरतो, ती संस्कारित बाजू समजावी. दोन्हीकडे तो सारखाच गोळा राहिला, तर संस्कार झालेला नाही किंवा ओसरला आहे, असे मानावे.

पाकिटाच्या पापुद्र्यांना प्लाझ्मा व डिंक, आणि पाण्याखालील कागदास उष्णता, असा हा सोपा विवेक आहे. तो पाळल्यास शेततळ्याच्या कागदावरील खर्च वाया जाणार नाही आणि पावसाळ्यात साठविलेले पाणी वैशाखात पिकाच्या मुळाशी पोहोचेल.