बेचिराख गावात मोबाईल घेऊन फिरताना

तलाठ्याकडच्या गावांच्या यादीत काही नावांपुढं एकच शब्द लिहिलेला असतो : 'बेचिराख'. चिराग म्हणजे दिवा. ज्या गावात तिन्हीसांजेला दिवा लागत नाही ते गाव बेचिराख. विदर्भात अशा गावाला 'रिठी' म्हणतात. गावाची शीव असते, गट नंबर असतात, सातबारे निघतात, शिवारात तूर-सोयाबीन डोलत असतं. फक्त राहायला माणूस नसतो. कसणारे शेतकरी शेजारच्या गावी राहतात आणि सकाळी बैल नाहीतर मोटारसायकल घेऊन येतात.

कृषी विस्ताराच्या कामात असल्यानं अशा शिवारात माझं जाणं होतंच. कधी पीक पाहणीला, कधी बोंडअळीच्या सापळ्यासाठी. बांधावर उभं राहिलं की एखादी पडकी वेस दिसते, बुजत चाललेली बारव दिसते, पांढरीच्या मातीत खापराचे तुकडे दिसतात. दुसऱ्यांना दाखवावं असं हे वाटू लागलं आणि चार वर्षांपूर्वी मी मोबाईलवर चित्रण करायला सुरुवात केली. सुटीच्या दिवशी ओसाड गावं आणि लहान बाजारगावं फिरायची, दहा-पंधरा मिनिटांचा व्हिडिओ करायचा आणि यूट्यूबवर टाकायचा. नोकरी सरकारी, त्यामुळं आधी कार्यालयात लेखी कळवलं आणि कमाईच्या भानगडीत पडलो नाही. छंद म्हणूनच चॅनेल चालू ठेवलं.

पहिलीच चूक

पहिला व्हिडिओ आमच्याच भागातल्या एका बेचिराख गावाचा. त्या गावाचं नाव इथं मुद्दामच देत नाही, कारण पुढं येईलच. तिथं जमीन कसणारे सत्तरी ओलांडलेले एक आबा मला सगळं शिवार फिरवून आणत होते. "हितं सुताराचं घर, ह्यो कुंभारवाडा, ह्या चिंचंखाली चावडी." गाव प्लेगात उठलं असं त्यांच्या आजानं सांगितलेलं. प्लेगाच्या काळात माणसं गाव सोडून रानात झोपड्या घालून राहत, हे आपल्याकडच्या जुन्या माणसांनी ऐकलेलं आहेच. साथ ओसरल्यावर बरीच गावं पुन्हा भरली, काही भरलीच नाहीत.

मी मात्र आबांचं बोलणं अर्ध्याहून जास्त कापलं. भीतीचं संगीत टाकलं, पडक्या वाड्याची रात्रीची दृश्यं घातली आणि वर नाव दिलं : 'भुताचं गाव'. व्हिडिओ भराभर पाहिला गेला. मित्रांचे फोन आले. मीही खूष.

दोनेक महिन्यांनी आबांचा फोन आला. "सायब, तुमच्या पिच्चरनं आमच्या मारुतीपुढं खड्डा पाडला बगा."

जाऊन पाहिलं तर वेशीच्या पायथ्याशी आणि मारुतीच्या ओट्यासमोर माणूसभर खोल खड्डे. शेजारी हळदी-कुंकू, लिंबं, नारळाच्या करवंट्या. गुप्तधन शोधणारी टोळी येऊन गेली होती. व्हिडिओत मी 'गावात खजिना पुरल्याचं बोललं जातं' असं एक वाक्य चवीपुरतं घातलं होतं आणि कुठून कसं जायचं तेही सविस्तर सांगितलं होतं. ओट्याचे दगड उखडले होते. गाव बेचिराख असलं तरी त्या मारुतीपुढं दर शनिवारी आबांच्या घरचं कुणीतरी येऊन दिवा लावत होतं. मला ते आधी कळलंच नाही, कारण मी विचारलंच नव्हतं.

त्याच संध्याकाळी शेजारच्या गावी पारावर बसून मी माफी मागितली. व्हिडिओ तिथंच काढून टाकला. गावकऱ्यांनी पोलीस ठाण्यात तक्रार दिली. एक म्हातारी आजी एवढंच बोलली, "आमच्या वाडवडलांचं गाव ते, लेकरा. तू त्यास्नी भुतं म्हनलास."

ते वाक्य जिव्हारी लागलं. पुढचं सगळं चित्रण त्या वाक्यानं बदललं.

गाव उठतं कशामुळं?

ओसाड गाव म्हटलं की शापाची नाहीतर भुताची गोष्ट सांगणं सोपं जातं. पण गाव उठण्याची कारणं बहुतेक वेळा साधी आणि कठीण असतात. पाणी आटतं, रोगराई येते, दुष्काळ पडतो, धरण होतं, भूकंप होतो.

राजस्थानात जैसलमेरजवळचं कुलधरा हे गाव देशभर 'भुतांचं गाव' म्हणून दाखवलं जातं. पालीवाल ब्राह्मणांनी दिवाण सालिमसिंगाच्या जाचाला कंटाळून एका रात्रीत चौऱ्याऐंशी गावं सोडली आणि शाप दिला, अशी दंतकथा आहे. पाणी आटणं आणि कराचा बोजा ही कारणंही अभ्यासक सांगतात. पण मला नवल वाटतं ते वेगळंच. हेच पालीवाल लोक 'खडीन' पद्धतीसाठी प्रसिद्ध होते. खडकाळ उतारावरून येणारं पावसाचं पाणी खालच्या अंगाला मातीचा लांब बांध घालून अडवायचं, ते जमिनीत मुरू द्यायचं आणि त्या ओलीवर रब्बीचा गहू-हरभरा घ्यायचा. वाळवंटात गहू पिकवणाऱ्या माणसांची ही करामत. शाप सगळे दाखवतात, बांध फार थोडे दाखवतात. आमच्या पाणलोटाच्या कामात आजही तोच विचार आहे.

आपल्याकडं इंदापूर तालुक्यातलं जुनं पळसदेव घ्या. भीमेवरच्या उजनी धरणाचं काम १९८० साली पूर्ण झालं आणि जुनी गावं पाण्याखाली गेली. धरणाची साठवण सुमारे ११७ टीएमसी, त्यातला सुमारे ६३ टीएमसी मृत साठा. दुष्काळी उन्हाळ्यात साठा उण्यात गेला की पळसनाथाचं जुनं दगडी मंदिर पाण्याबाहेर डोकं काढतं आणि बघ्यांची रीघ लागते. मीही चित्रण केलं. पण मंदिर उघडं पडलं याचा अर्थ खालच्या लाभक्षेत्रात टँकर धावू लागले, हे त्याच व्हिडिओत सांगणं मला गरजेचं वाटलं. पाणी हटलेल्या जमिनीवर गाळपेर करणारे शेतकरीही दाखवले. पाणी गेलं की पेरायचं, पाणी आलं की सोडायचं, अशी ती शेती.

किल्लारीला गेलो तेव्हा मोबाईल खिशातच ठेवला. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, माणसं दमून झोपलेली. जाड दगडमातीच्या भिंती आणि माळवदाचं ओझं झोपलेल्यांवर कोसळलं. हजारो माणसं गेली. लातूर-उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांतली कितीतरी गावं दुसऱ्या जागी वसवावी लागली. जुन्या जागेवर गेलं की कुणीतरी बोटानं दाखवतं, "हितं आमचं घर होतं." तिथं संगीत घालायचं नसतं. ज्यांनी हो म्हटलं त्यांचंच बोलणं मी नंतर घेतलं आणि टाकण्याआधी त्यांना दाखवलं. एका काकांनी दोन वाक्यं काढायला सांगितली, ती काढली.

करू म्हणणाऱ्यांसाठी

गावोगावची पोरं विचारतात, "सर, असं चॅनेल काढायचं तर काय लागतं?" पहिली गोष्ट, पैशाच्या आशेनं सुरुवात करू नका. जाहिरातीतून पैसे मिळायला यूट्यूबवर हजार सदस्य आणि वर्षभरात चार हजार तासांचं पाहणं, ही अट आहे. त्यात आडगावाच्या चॅनेलला बराच काळ जातो. बाकी अनुभवाचे बोल असे :

• गावात जाण्याआधी सरपंच किंवा पोलीस पाटलाला भेटा. जमीन बेचिराख गावातली असली तरी तिला मालक असतो. उभ्या पिकातून चालू नका.

• एकट्यानं जाऊ नका. जुन्या बारवेला कठडा नसतो, पडक्या भिंतीत साप असतो, गढीच्या बुरुजाला आग्या मोहोळ असतं. पायात बूट, हातात काठी. वाळल्या गवतात विडी-काडी नको.

• माळावर वारा फार. कॉलरच्या माईकवर कापसाचा पातळ बोळा बांधला तरी घोंघाट बराच कमी होतो. चित्रण सकाळी नऊपर्यंत नाहीतर चारनंतर करा, दुपारच्या उन्हात सगळं पांढरं दिसतं.

• मूर्ती, वीरगळ, शिलालेख दाखवताना जागेचा पत्ता सांगू नका. 'खजिना' हा शब्द तर तोंडातूनही काढू नका. १८७८ च्या निधी कायद्यानुसार सापडलेलं पुरलेलं धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. गुप्तधनाच्या नावाखाली अघोरी प्रकार करणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे.

• संरक्षित स्मारकात आणि ड्रोनसाठी आधी परवानगी घ्या.

• एकाच माणसाचं ऐकून कारण ठरवू नका. दोन-तीन म्हाताऱ्यांना विचारा, जुनी कागदपत्रं बघा. कळलं नाही तर 'लोक असं सांगतात' एवढंच म्हणा.

पुन्हा तेच गाव

पुढच्या वर्षी मी आबांना भेटलो आणि त्याच गावाचा दुसरा व्हिडिओ करू का म्हणून विचारलं. आबांनी गावात विचारून होकार दिला, अट एकच : वाट सांगायची नाही. या वेळी संगीत नाही, रात्र नाही. आबा पुढं चालतात आणि घरं मोजत जातात. कुणाचं घर, कोणतं आडनाव, उठल्यावर कुठं गेले. शेवटी उखडलेला ओटा गावकऱ्यांनी पुन्हा कसा बांधला, तेही आहे. पहिल्या व्हिडिओच्या तुलनेत हा फारच थोड्या लोकांनी पाहिला.

पण त्या थोड्यांत इचलकरंजीचं एक कुटुंब होतं. आबांनी घेतलेलं एक आडनाव त्यांचं होतं. आपलं मूळ गाव कुठलं हे त्यांच्या घरात कुणालाच सांगता येत नव्हतं. चैत्रात हनुमान जयंतीला ती मंडळी गाडी करून आली. आबांनी त्यांना त्यांच्या घराची जागा दाखवली. आज तिथं ज्वारीचा सड होता. बायकांनी तिथली चिमूटभर पांढरी पदरात बांधून घेतली आणि मारुतीपुढं दिवा लावला.

वाचकहो, आज आपल्या भागातली कित्येक गावं दसऱ्यानंतर अर्धी रिकामी होतात. ऊसतोडीला टोळ्या जातात, मागं म्हातारी आणि लहान पोरं राहतात. तरणी पोरं पुण्याला कंपनीत. गाव एका दिवसात बेचिराख होत नाही, एकेका घराचं कुलूप वाढत जातं. म्हणून येत्या दिवाळीत गावी आलात की मोबाईलवर एक काम करा. घरातल्या सगळ्यांत जुन्या माणसाला घेऊन गल्लीतून एक फेरी मारा आणि कुणाचं घर कुठं होतं ते बोलून घ्या. चॅनेल काढा किंवा नका काढू, पण ते चित्रण जपून ठेवा.