जनरेटर दिवसभर चालवायचा तर

फिनिक्सच्या आसपास जूनच्या दुपारी पारा सहज चाळिशीच्या पुढे जातो. उन्हात उभी केलेली मोटरहोम तासाभरात भट्टीसारखी तापते आणि छतावरच्या एसीला गाडीची साधी बॅटरी पुरत नाही. मग जनरेटर लागतो. भारतातून आलेले आई-वडील आणि लहान मुलं घेऊन ग्रँड कॅन्यनला जाणारी मराठी कुटुंबं अशी गाडी भाड्याने घेतात. ताबा देणारा माणूस घाईत सांगतो, हे बटण दाबलं की चालू, हे दाबलं की बंद. पण हे यंत्र आठ-दहा तास सलग चालवायचं असेल, तर तेवढ्यावर भागत नाही.

सगळ्यात आधी धूर. पेट्रोलच्या जनरेटरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वासही नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून अधिक जोराने चिकटतो, म्हणून हवेत थोडासा असला तरी घातक. डोकं दुखतं, मळमळतं, चक्कर येते, आणि आपण म्हणतो, ऊन लागलं असेल, प्रवासाचा शीण असेल. झोपलेल्या माणसाला तर एवढंही कळत नाही.

म्हणून गाडी लावली की मी खाली उतरतो आणि जमिनीला हात टेकून वाकून धुराची नळी बघतो. तिचं तोंड गाडीच्या कडेच्या बाहेर आलेलं हवं. ते आतच संपत असेल किंवा नळीचा सांधा सैल होऊन काजळी दिसत असेल, तर धूर गाडीच्या पोटाखाली साचतो आणि वायरी-पाइपांसाठी पाडलेल्या भोकांतून वर चढतो. नळीच्या तोंडाशी भिंत, झुडूप किंवा शेजारची गाडी नको. खाली वाळलेलं गवत असेल तर गाडी तिथून हलवायचीच, कारण तापलेल्या नळीने ते पेट घेतं. गाडीची बाहेर सरकणारी खोली किंवा कापडी छत नळीच्या वर येत असेल, तर धूर त्याखाली अडकतो.

एक गोष्ट फार कुणी सांगत नाही. खिडक्या बंद ठेवून बाथरूमचा पंखा लावला की तो आतली हवा बाहेर फेकतो आणि तिची भरपाई फटींतून, खालून होते. म्हणजे नळी बिनदोष असली तरी धूर आपणच आत ओढून घेतो. जनरेटर चालू असताना तो पंखा बंद ठेवा आणि धुराच्या बाजूच्या खिडक्याही लावून घ्या.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बहुतेक गाड्यांत असतो. पहिल्याच दिवशी त्याचं चाचणीचं बटण दाबा आणि मुदतीची तारीख बघा. त्याचा सेन्सर काही वर्षांनी निकामी होतो, हिरवा दिवा मात्र तरीही लागलेला असू शकतो. अलार्म वाजला तर कारण शोधत बसू नका. सगळ्यांना बाहेर काढा, डोकी मोजा आणि ९११ ला फोन करा.

आता लोड. भाड्याच्या गाड्यांत साधारण ४००० वॉटचा जनरेटर असतो. एसी चालताना दीड हजार वॉटच्या आसपास घेतो, पण कॉम्प्रेसर सुरू होतो त्या क्षणी त्याच्या कितीतरी पट. मायक्रोवेव्हला आणखी दीड हजार. दोन्ही एकदम सुरू झाले की ब्रेकर पडू शकतो. म्हणून एसी स्थिरावू द्या, मग आईंचा चहा. उंचीवर हवा विरळ होते आणि इंजिनाची ताकद दर हजार फुटांमागे तीन-साडेतीन टक्क्यांनी घटते. ग्रँड कॅन्यनचा दक्षिण काठ सुमारे ७००० फुटांवर आहे, म्हणजे ४००० वॉटचे तिथे जेमतेम तीन-सव्वातीन हजार उरतात. फिनिक्सला जे चाललं, ते तिथे चालेलच असं नाही. सुदैवाने तिथे एसीची गरजही कमी पडते.

सलग चालवताना खरं लक्ष ऑइलकडे हवं. दर आठ तासांनी जनरेटर बंद करायचा, गाडी सपाट जागी असल्याची खात्री करायची आणि ऑइल खाली उतरेपर्यंत थांबायचं. डिपस्टिक काढून फडक्याने पुसा, पूर्ण आत घाला, पुन्हा काढा. ओली रेघ दोन खुणांच्या मध्ये हवी. खालच्या खुणेशी आली असेल तर थोडं थोडं घाला, कारण वरच्या खुणेच्या पुढे गेलेलं ऑइलही इंजिनाला सोसत नाही.

इंधनासाठी वेगळी टाकी बहुधा नसते, जनरेटर गाडीच्याच टाकीतून पेट्रोल घेतो. टाकी पावापर्यंत खाली आली की त्याला पेट्रोल मिळणं थांबतं, म्हणजे गाडी पंपापर्यंत जाऊ शकते. पंपावर पोचण्याआधी जनरेटर बंद करा.

रात्री झोपताना तो चालू ठेवू नये, असं माझं ठाम मत आहे. योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात तर जनरेटरच्या वेळाच ठरलेल्या आहेत: सकाळी ७ ते ९, दुपारी १२ ते २ आणि संध्याकाळी ५ ते ७. रात्री एसी लागणारच असेल, तर विजेची जोडणी मिळणाऱ्या कॅम्पमध्ये थोडे जास्त पैसे मोजून मुक्काम करा.

बंद करतानाही घाई नको. आधी एसी आणि बाकीची उपकरणं बंद करा, जनरेटर तीन-चार मिनिटं बिनलोड चालू द्या, इंजिन थोडं निवू द्या, मग बटण. पॅनेलवर जनरेटर किती तास चालला ते दाखवणारा मीटर असतो. तो आकडा वहीत लिहून ठेवला की पुढचं ऑइल कधी बघायचं ते कळतं.