तालमीसाठी कर्ज : हमी कोणाची, फेड कोणाची?

पूर्वी गावोगाव तालीम असे. लाल माती, करेल्यांची एक जोडी, मारुतीची तसबीर. एवढ्यावर काम भागे. पैका फारसा लागत नसे. आता पोरांना लोखंडी यंत्रांची व्यायामशाळा हवी असते. तिला सारे ‘जिम’ म्हणतात. यंत्रे महाग असतात. मग पैसे कोठून आणायचे? सावकाराकडून? नको रे बाबा!

लहान धंद्यांसाठी प्रधानमंत्री मुद्रा योजना आहे. ती 8 एप्रिल 2015 रोजी सुरू झाली. व्यायामशाळेचा धंदाही तिच्यात बसतो. यात पैसे सरकार देत नाही, बँक देते. कर्जाच्या पायऱ्या अशा आहेत :

शिशू : 50 हजार रुपयांपर्यंत.
किशोर : 50 हजारांच्या पुढे 5 लाखांपर्यंत.
तरुण : 5 लाखांच्या पुढे 10 लाखांपर्यंत.

तरुण कर्ज ज्याने नीट फेडले, त्याला 2024 पासून 20 लाखांपर्यंत कर्ज मिळू शकते.

या कर्जाला घर किंवा शेत तारण ठेवावे लागत नाही. हे ऐकून एक तरुण आम्हांला म्हणाला, “गुरुजी, हमी सरकारची आहे. मग फेडीची काळजी कशाला?”

आम्ही म्हटले, “अरे, बस खाली. हमी कोणाला दिली आहे, ते आधी समजून घे.”

हमी बँकेला आहे, आपल्याला नाही. कर्ज बुडाले, तर हमीच्या निधीतून बँकेचे काही नुकसान भरून निघते. पण आपले देणे सुटत नाही. बँक वसुली चालूच ठेवते. आपले नाव खराब होते. पुढे बैलजोडीला कर्ज मागायला गेलो, तरी बँक आधी जुने खाते पाहते. मुद्रा कर्जात सबसिडीही नाही. सारी रक्कम व्याजासह फेडायची असते.

म्हणून आधी हिशोब करावा. समजा, 3 लाख रुपये कर्ज घेतले. व्याज दर साल शेकडा 12, मुदत 5 वर्षे. महिन्याचा हप्ता सुमारे 6,700 रुपये येईल. जागेचे भाडे 3,000 आणि विजेचे बिल 1,500 धरा. एकूण झाले 11,200. माणशी फी 400 रुपये असेल, तर 28 जणांची फी नुसती खर्चात गेली. एकोणतिसाव्या माणसापासून आपली मिळकत सुरू. आणि पेरणीच्या, सुगीच्या दिवसांत किती जण येतील? हप्ता तर तेव्हाही भरावाच लागतो. हे उत्तर आधी मनाशी काढावे, मग बँकेची पायरी चढावी.

बँकेत जाताना आधार कार्ड, पॅन कार्ड, फोटो, पासबुक, जागेचा कागद आणि यंत्रांचे कोटेशन बरोबर न्यावे. धंद्याची ‘उद्यम’ नोंदणी करावी. सरकार तिला एक पैसाही घेत नाही. मुद्रा कर्जासाठी सरकारने कोणी दलाल नेमलेला नाही. “मी मंजूर करून देतो, पाच हजार दे,” असे कोणी म्हणाले, तर त्याला दारातूनच परत पाठवावे. बँकेने नाही म्हटले, तर कारण लेखी मागावे.

आणखी एक. कोऱ्या कागदावर सही करू नये. आता आपल्याला वाचता येते. कागद वाचावा, अडले तर विचारावे, मगच सही करावी.

अंथरूण पाहून पाय पसरावेत. दोन यंत्रे कमी घेतली, तरी व्यायाम होतो. डोईजड हप्ता मात्र पैलवानालाही पेलत नाही.