पिवळ्या तणनाशकाचं रसायन

लोणार तालुक्यातल्या सुलतानपूरच्या शिवारात सोयाबीन पेरलं की उगवायच्या आत, ओल असतानाच पेंडीमेथालिन फवारायचं असतं. औषध गर्द पिवळं-केशरी; कपड्याला लागलं तर डाग निघता निघत नाही. हा रंग बेंझीनच्या कड्यावर अमाइनला खेटून बसलेल्या दोन नायट्रो गटांचा. ते तिथे बसवणं कागदावर सोपं, कारखान्यात कटकटीचं.

नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्ल मिसळलं की धनभारित नायट्रोनियम आयन तयार होतो. कड्यावर जिथे इलेक्ट्रॉन जास्त, तिथे तो चिकटतो आणि तिथला हायड्रोजन सुटतो. हेच प्रतियोजन, म्हणजे इथे नायट्रेशन. जागा ठरवतात कड्यावर आधीच असलेले गट. अमाइन शेजारच्या ऑर्थो आणि समोरच्या पॅरा जागेकडे पाठवतो. पेंडीमेथालिनच्या कच्च्या मालात पॅरा जागा मिथाइलने अडवलेली असते, म्हणून अमाइनच्या दोन्ही बाजू उरतात. नेमक्या त्याच हव्या असतात.

गोम अशी की अमाइन स्वतः आम्लारिधर्मी आहे. तीव्र आम्लात तो प्रोटॉन उचलतो, धनभारित होतो आणि कड्यातले इलेक्ट्रॉन उलट ओढून मेटा जागेकडे पाठवू लागतो. साध्या ॲनिलीनचं थेट नायट्रेशन केलं तर पॅरा 51, मेटा 47 आणि ऑर्थो जेमतेम 2 टक्के मिळतं. बारावीची मुलं हे आकडे पाठ करतात. शिवाय ऑक्सिडीकरणाने डांबरासारखा गाळ होतो, तो वेगळाच. प्रयोगशाळेत अमाइनला आधी ॲसिटिल गटाने झाकतात, नायट्रेशन करतात, मग झाकण काढतात. काम फत्ते होतं, पण दोन पायऱ्या वाढतात आणि टनावारी माल काढणाऱ्याला त्या खिशाला जड जातात.

  

पेंडीमेथालिनची खरी डोकेदुखी निराळी. अमाइनच्या नायट्रोजनवर पाच कार्बनांचा गट असला तरी एक हायड्रोजन शिल्लक असतो. नायट्रिक आम्लातून थोडं नायट्रस आम्ल बनतं आणि कड्याऐवजी त्या नायट्रोजनवरच नायट्रोसो गट बसतो. या नायट्रोसामाइन वर्गातली बरीच संयुगं कर्करोगकारक आहेत. म्हणून नायट्रेशननंतर तो गट काढण्यासाठी माल पुन्हा आम्लातून न्यावा लागतो आणि शिल्लक अंशावर मर्यादा घातलेली असते.

ही शेवटची पायरी नीट झाली की नाही, हे डब्यातल्या रंगावरून कुणालाच ओळखता येत नाही. तेव्हा डबा सीलबंदच घ्या, पक्कं बिल मागा आणि हातमोजे घातल्याशिवाय झाकण उघडू नका.